माथेरानचें बार हाऊस



गोंदिया हें सपाटीवरचें गांव. धानाच्या बांध्यांचें आणि तलावांचें. डोंगरावर थंड हवेचा बंगला असावा, ही हौस आमच्याकडे सहसा कोणास होत नसे. मध्यप्रांताचे लाटसाहेब उन्हाळ्यांत पचमढीस जात, एवढाच आमच्या वडीलधाऱ्यांचा या विषयाशीं संबंध. परंतु माथेरानास गेलों असतां एका जुन्या घरानें मला थांबविलें, त्याची हकीकत आज सांगतों.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरानचा डोंगर चढून पाहिला. तेथें त्यांनीं बांधलेलें 'बाइक' हें पहिलें घर. त्याच्या पाठोपाठ १८५२ सालीं कॅप्टन बार यांनीं दुसरें उभारलें, तेंच बार हाऊस. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली ती १८५३ सालीं. म्हणजे हें घर त्या गाडीहूनही वडील! नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें आणली, ती १९०७ सालीं. आमच्या जबलपूरच्या जुन्या छोट्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे होते, म्हणून ती बाहुलीची गाडी पाहून मला थोडें हसूं आलें.

तेथला पाऊस मात्र हंसण्यासारखा नाहीं. जांभा दगड पाणी पितो आणि उघाड पडतांच तें हळूहळू सोडतो. वर चुन्याचा गिलावा असला तर ओल बाहेर निघून जाते. सिमेंटचा लेप दिला कीं ती आंतच कोंडते, लेप फुगतो आणि पोपडे सुटतात. हें ज्ञान मीं पुस्तकांतून मिळविलेलें नाहीं. आमचें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें, तेव्हां ग्राहकास नवें दिसावें म्हणून चुन्यांत बांधलेल्या भिंतींस आम्हीं सिमेंट फांसलें. दुसऱ्याच पावसाळ्यांत लेप गळाला, आणि त्यासवें विटांचा पापुद्राही. ठरत आलेली किंमत निम्म्यावर उतरली. थोरले बंधु त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशीं बोलले नाहींत, कारण ती युक्ति माझी होती.

माथेरानांत विक्रीचा प्रकार आणखी निराळा. तेथील पुष्कळ भूखंड सरकारी पट्ट्याचे. घर विकत मिळतें, जमीन नव्हे. २००३ सालीं केंद्र सरकारनें तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविल्यापासून जुनें पाडून मनास येईल तें बांधण्याची सोय उरली नाहीं. मोटारींस गांवांत मज्जाव असल्यानें दुरुस्तीचें सामान घोड्यावर वा हातगाडीवर न्यावें लागे, हा खर्च वेगळाच. (१८२९ सालीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांनीं महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांस दिला, तो वाईजवळच्या खंडाळा गांवाच्या बदल्यांत. आज त्या डोंगरावर बंगला मागावयास जाणाऱ्यानें हा व्यवहार आठवूं नये हें बरें.)

बार हाऊसचा जीर्णोद्धार नीमराणा संस्थेनें केला आणि त्याचें अतिथिगृह झालें; नांव ठेविलें 'व्हरांडा इन द फॉरेस्ट', म्हणजे रानांतला व्हरांडा. एक मालक असलेलें घर भाडेकऱ्या पाहुण्यांचें झालें, अशी कुरकुर कांहीं जण करतात. मला ती पटत नाहीं. बंद घराचें छप्पर माथेरानचा पाऊस किती वर्षें टिकूं देईल? त्या लांब व्हरांड्यांत उभा असतां मीं भिंतीवर हात ठेवून पाहिला.

आमचें घर ज्यानें घेतलें, त्यानें पुढें सिमेंट खरवडून पुन्हां चुना दिला. गेल्या दिवाळींत मी त्या बाजूनें गेलों. ओसरी तशीच होती, आणि थोरले बंधु सोबत होते.