वसईचा वेढा, अठ्ठेचाळीस तास आणि एक छोटासा गेम

१/ कळंबच्या किनाऱ्यावर उभे राहिले की उत्तरेला अर्नाळा, दक्षिणेला वसई. मराठ्यांनी अर्नाळा १७३७ साली घेतला, वसई १७३९ साली. या दोन किल्ल्यांच्या मधल्या गावात मी वाढले. गेल्या पावसाळ्यात एका गेम जॅमसाठी मी वसईच्या वेढ्यावर दोन दिवसांत व्हिडिओ गेम तयार केला. वर्गात न उमगलेली एक गोष्ट त्या खटाटोपात उमगली. तिच्याविषयी हा धागा.

२/ प्रथम, गेम जॅम म्हणजे काय? ‘जॅम’ हा शब्द जॅझ वादकांचा. तालमीविना जमायचे आणि सुचेल तसे एकत्र वाजवायचे. गेम जॅममध्ये ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, दिलेल्या विषयावर गेम बनवायचा असतो. विषय आयत्या वेळी कळतो. आपल्याकडची समस्यापूर्ती आठवावी : चरण दुसऱ्याने द्यायचा, श्लोक कवीने तिथल्या तिथे पुरा करायचा.

३/ या प्रथेचा इतिहास जेमतेम दोन दशकांचा आहे. मार्च २००२ मध्ये ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आदींनी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मोजक्या व्यावसायिकांना जमवून ‘इंडी गेम जॅम’ भरवला. पुढच्याच महिन्यात ‘लुडम डेअर’ आंतरजालावर सुरू झाला. जानेवारी २००९ मधील पहिला ‘ग्लोबल गेम जॅम’ २३ देशांत ५३ ठिकाणी भरला.

४/ म्हणजे निमंत्रितांची बैठक सात वर्षांत हौशींची जत्रा झाली. साधनेही सुलभ होत गेली. ‘इच डॉट आयओ’ हे गेम मांडण्याचे संकेतस्थळ २०१३ साली आले. ‘गोदो’ हे इंजिन २०१४ साली मुक्तस्रोत झाले. आज साधा लॅपटॉप आणि एक मोकळा शनिवार-रविवार असला, की इतिहासाची विद्यार्थिनीही जॅममध्ये उतरू शकते. पैसे मिळत नाहीत. झोप मात्र जाते.

५/ मी उतरले त्या जॅमचा विषय होता ‘भिंत’. मला वसईचा तट दिसला. शुक्रवारी रात्री वहीत केवढी यादी केली! साष्टीची मोहीम, चिमाजी अप्पांचा तळ, खाडीतील गलबते, गोव्याहून येऊ न शकलेली पुरेशी कुमक. शनिवारी दुपारपर्यंत त्यातले बहुतेक सारे काटले गेले होते.

६/ उरले काय? तट, सुरुंग आणि भगवे निशाण. पोर्तुगीज म्हणजे लाल ठिपके. खेळणाऱ्याने गोळे चुकवत सुरुंग तटापर्यंत न्यायचे. तट पडला, निशाण चढले, ‘विजय’ अशी अक्षरे झळकली, गेम संपला. मला तो फार आवडला होता.

७/ रविवारी दुपारी निर्मळकडची एक मैत्रीण घरी आली. ती ख्रिस्ती, तिच्या घरात सामवेदी बोली बोलली जाते. तिने गेम खेळला, दोन मिनिटांत जिंकलाही. मग पडद्याकडे पाहत तिने विचारले, “आणि यात आम्ही कुठे आहोत गं?”

८/ मी निरुत्तर झाले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्याआधीपासून याच मातीत राहणारी, पुढे ख्रिस्ती झालेली कुटुंबे १७३९ मध्ये इथेच शेती करत होती. कोळी, भंडारी, आगरी होतेच. माझ्या गेममध्ये यांतले कोणीही नव्हते. त्यांना वगळायचे असे मी ठरवले नव्हते. त्यांच्यासाठी एकही नियम लिहिला नव्हता, इतकेच.

९/ निबंधात काही राहून गेले तर तळटीप देता येते. गेममध्ये नियमांत जे नाही, ते त्या जगात नाहीच. आणि सर्वांत मोठे विधान असते जिंकण्याची अट. माझी अट सांगत होती : तट पडला की इतिहास संपला. असे वाक्य प्रबंधात लिहिण्याचे धाडस मी कधी केले नसते. गेममध्ये ते नकळत लिहून मोकळी झाले होते.

१०/ प्रत्यक्षात काय घडले? १७३९ च्या मे महिन्यात सेबॅस्टियन बुरुजापाशी सुरुंगांनी खिंडार पडले, निकराची झुंज झाली. परंतु शेवट झाला तो वाटाघाटींत. १६ मे रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा, रहिवाशांना चीजवस्तू नेण्याची मोकळीक, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य.

११/ मुदतीला सहा तास उरले होते. मी संगीत काढून टाकले, दुसरी पातळी सोडून दिली आणि शेवट बदलला. आता तट पडताच तोफा थांबतात आणि तहाच्या अटी समोर येतात. प्रत्येक अटीसरशी तटाखालचे गाव बदलते : कोणाची घरे रिकामी होतात, कोणाच्या वाडीत दिवा राहतो. गेम कसाबसा जमा झाला. एक होडी शेवटपर्यंत जमिनीवरूनच चालत राहिली.

१२/ गुणांकनात तो बराच खाली राहिला. त्याहून मोठा दोष मला नंतर दिसला. त्या अटी ठरल्या तेव्हा गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. अटी सत्ताधाऱ्यांनी सत्ताधाऱ्यांशी ठरवल्या. मी मात्र खेळणाऱ्याला त्यांच्याच जागी बसवले होते. गावाच्या बाजूने पाहायचे, तर नियम पुन्हा मुळापासून लिहावे लागतील. पुढच्या जॅममध्ये तेच करणार आहे.

१३/ मित्रहो, आपण सर्वांनी लहानपणी एक जॅम केलेलाच आहे. दिवाळीचा किल्ला! ठरलेली मुदत, दगडमाती, हौशी कारागीर, आणि सण सरला की सारे मोडून टाकायचे. आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हळीव पेरून शेत उगवलेले असे. विहीर असे, गवळण असे, बाजार असे. आठव्या वर्षी मी गडाखाली गाव वसवले होते. पंचविशीत, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, तेच विसरले.

१४/ ऐतिहासिक गेम खेळताना किंवा बनवताना एवढे जरूर तपासावे : इथे जिंकणे म्हणजे काय, आणि ते कोणाच्या बाजूने ठरले आहे? आणि तुमच्या दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कोण कोण असायचे, तेही खाली लिहा. मला पुढच्या गेमसाठी गाव वसवायचे आहे.

धागा समाप्त.