कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही? ईजीआर कूलर तपासा

नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा घेऊन रात्रीत वाशी गाठणाऱ्या गाड्यांमध्ये आता २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्याही आहेत. यातल्या बऱ्याच इंजिनांना ईजीआर असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गॅसचा काही भाग तो पुन्हा इंजिनात सोडतो. या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी असल्याने सिलिंडरमधलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात.

सिलिंडर थंड होतो, पण रेडिएटरचं काम वाढतं. शेकडो अंश तापलेला हा गॅस आत जाण्याआधी ईजीआर कूलरमध्ये थंड केला जातो, आणि त्यासाठी वापरलं जातं इंजिनाचंच कूलंट. जी उष्णता सायलेन्सरवाटे हवेत गेली असती, ती रेडिएटरच्या गळ्यात पडते. त्यामुळे जुन्या गाडीला खपून गेलेला हलगर्जीपणा नव्या गाडीला चालत नाही.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणं. त्यातला क्षार कूलरच्या बारीक नळ्यांभोवती बसतो, गंज चढतो. आतून काजळी धरतेच. नळीला चीर गेली की कूलंट गॅसच्या वाटेने इंजिनात जातं. जमिनीवर थेंब नाही, तरी टाकी रिकामी! सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलं. हेड खोलण्याआधी कूलरची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. खर्चात मोठा फरक पडतो. दुर्लक्ष झालं आणि कूलंट सिलिंडरमध्ये साचलं, तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही.

काळा धूर आणि ओढ कमी ही वेगळी तक्रार. तिथे ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असू शकतो.

माळशेज घाटात माल घेऊन उतरताना इंजिनावर ताण कमी असतो. खरी परीक्षा भरून परत चढताना. घाटाआधी रेडिएटरच्या जाळीतली धूळ-कचरा आणि फॅन बघावा. काटा वर गेलाच, तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये.

पत्रा लावून ईजीआर बंद करण्याचा उपाय काही गॅरेजवाले सुचवतात. रेडिएटरचा भार त्याने हलका होतो हे खरं, पण सिलिंडरमधलं तापमान आणि विषारी वायू वाढतात, चेक लाइट लागते, इंजिनाची ताकदही कमी होऊ शकते. शिवाय ते नियमबाह्य आहे.