मेणातील मुख : कावेरीकाठची ओतकला

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम लागते. तेथून ईशान्येस काही किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, स्वामिमलै हे धातुमूर्ती घडविणाऱ्या स्थपतींचे गाव आहे. चोळकालीन कांस्यमूर्तींची परंपरा या गावाने चालू ठेवली आहे. या कलेचा विचार बहुधा शिल्पशास्त्रातील मानांच्या अंगाने केला जातो. परंतु मूर्तीचे मुख केवळ मानाने सिद्ध होत नाही.

मान काटेकोर आहे, यात शंका नाही. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या पात्याची पट्टी कापून, तिच्या घड्या घालून स्थपती अवयवांची प्रमाणे ठरवितो. नवताल मूर्तीचे मुख १२ अंगुळांचे आणि त्याचे तीन समान भाग. पापणी किती मिटावी, ओठांच्या कडा कोठे थांबाव्यात, हे मात्र पट्टी सांगत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढण्याची रीत दिली, तीही भावापाशी येऊन थांबते.

तेथून पुढे हात जाणतो. मधमाश्यांचे मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल यांचे मिश्रण उष्णतेने मऊ होते, गार पाण्यात घट्ट होते. त्या मधल्या अवधीत बोटांनी व तापविलेल्या हत्याराने मुख साकारायचे असते. शेंगदाणा भारतात चोळकाळानंतर आला. म्हणजे मिश्रणही बदलत आले; टिकली ती बोटांची जाण.

मेणावर प्रथम कावेरीच्या बारीक गाळमातीचा लेप बसतो आणि मुखाची प्रत्येक रेषा टिपतो. साचा तापविला की मेण वाहून जाते. त्या पोकळीत तांबे, जस्त, शिसे व नाममात्र सोने-चांदी यांचा रस ओततात. थंड झाल्यावर साचाही फोडतात. मेण गेले, साचा गेला. म्हणून तेच मुख पुन्हा होत नाही. पुढे छिन्नीने रेखीवपणा आणायचा आणि नेत्रोन्मीलन सर्वांत शेवटी.

तंजावरच्या राजवाड्यात दोन प्रकारची मुखे पाहावयास मिळतात. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांचा संगमरवरी पुतळा इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविला. त्यात एका राजाचे रूप जपले आहे. त्याच वाड्यात १९५१ साली स्थापन झालेल्या कलादालनातील चोळ कांस्यमूर्ती कोणा एका माणसासारख्या दिसत नाहीत. त्यांच्या कर्त्यांपुढे नमुन्याला बसलेला मनुष्य नव्हता. होते ते ध्यान, मान आणि हाती हळूहळू घट्ट होत जाणारे मेण.