गाडी चढावरच का अडखळते?

काकांची जुनी बाईक दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांमधून छान पळायची. म्हसळ्याच्या वाटेवर चढ लागला, मागे कुणी बसलं, की मिसिंग सुरू. मी आधीच ठरवून टाकलं होतं, दोष कार्ब्युरेटरचा. तो दोनदा साफ करून घेतला, पैसे गेले, मिसिंग तसंच. प्रबंधाचं पहिलं गृहीतक तुम्हीही असंच धरून बसाल, सांभाळा!

आता थोडं मागे जाऊ. १८८९ मध्ये जर्मनीत फ्रीडरिक पाशेन यांनी दाखवलं की ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि मधली फट या दोहोंवर ठरतं. १९०२ मध्ये बॉश कंपनीत गोटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी तयार केली. पेच तेव्हापासूनचा आहे. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, ठिणगीला जोर जास्त लागतो. वाटेत काही कमजोर असेल तर वीज सोपा रस्ता धरते. १९६० च्या दशकात म्हैसूरला बनू लागलेल्या जावावर हात बसलेले मेकॅनिक म्हणूनच सीबी पॉइंट आधी बघायचे. ते झिजले की कॉइलचा जोरच उतरतो.

आमच्या मेकॅनिकने स्टँडवर रेस देण्यात वेळ घालवला नाही. तो मागे बसून चढावर आला. मग अंधारात प्लगच्या कॅपवर पाणी शिंपडलं, तर निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर! कॅपला केसाएवढी चीर होती. बाकी कशालाही हात न लावता त्याने तेवढी कॅप बदलली आणि गाडी पुन्हा त्याच चढावर न्यायला लावली, दोघं बसून. वरपर्यंत एकदाही अडखळली नाही.