चादरीवरचा फलक आणि ४८ गुण

१/
९ डिसेंबर १९८९. मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. यजमान मँचेस्टर युनायटेड संघ क्रिस्टल पॅलेसकडून १-२ असा पराभूत झाला. त्या दिवशी प्रेक्षकांमधून एक पांढरी चादर उलगडली गेली. तिच्यावर रंगवलेल्या मजकुराचा आशय असा : तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजूनही भिकारच आहे, फर्गी, आता निघा.

२/
हे फर्गी म्हणजे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. ते त्यानंतरही तेवीस वर्षे त्याच पदावर राहिले आणि इंग्लिश फुटबॉलमधील सर्वांत यशस्वी मॅनेजर ठरले. त्यामुळे ती चादर आज चाहत्यांच्या उतावीळपणाचा नमुना म्हणून दाखवली जाते. पण पुढचे काहीही ठाऊक नसताना, डिसेंबर १९८९ मध्ये उभे राहून पाहिले तर चित्र कसे दिसत होते? हा धागा त्याच प्रश्नाचा.

३/
प्रथम पदाविषयी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मॅनेजर हा केवळ प्रशिक्षक नसे. संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री, युवा संघांवरील देखरेख हे सारे त्याच्याकडे असे. म्हणून अपयशाचे खापरही त्याच्याच माथी फुटे. त्याला नारळ देण्याचा अधिकार मात्र संचालक मंडळाचा.

४/
चाहत्यांच्या हाती मत नव्हते. होत्या त्या घोषणा, फलक, वृत्तपत्रांना लिहिलेली पत्रे आणि चाहत्यांनी स्वतः छापून मैदानाबाहेर विकलेली 'फॅन्झीन' ही छोटेखानी नियतकालिके. १९८० च्या दशकात ती देशभर फोफावली. युनायटेडच्या चाहत्यांचे 'युनायटेड वी स्टँड' हे फॅन्झीन १९८९ मध्येच निघाले. मॅनेजर ठेवावा की काढावा, हा वाद अशा पानांवर आणि पबमधल्या टेबलांवर रंगे.

५/
या वादाला दोन दशकांची पार्श्वभूमी होती. मॅट बझ्बी यांच्या काळात युनायटेडने १९६७ मध्ये लीगचे विजेतेपद आणि १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकला. त्यानंतर लीगचे विजेतेपद हुलकावणीच देत राहिले. १९७४ मध्ये तर संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. १९६९ ते १९८६ या काळात मॅकगिनेस, ओ'फॅरेल, डॉकर्टी, सेक्स्टन आणि अ‍ॅटकिन्सन असे पाच मॅनेजर आले आणि पाचही जणांना पदावरून दूर करण्यात आले.

६/
त्यांच्या गच्छंतीच्या कथा बोलक्या आहेत. डिसेंबर १९७२ मध्ये क्रिस्टल पॅलेसने युनायटेडचा ५-० असा धुव्वा उडवला आणि काही दिवसांतच ओ'फॅरेल यांना जावे लागले. डेव्ह सेक्स्टन यांनी १९८१ मध्ये हंगामातील शेवटचे सातही लीग सामने जिंकले, तरी त्यांचे पद वाचले नाही. मॅनेजर बदलणे हा उपाय युनायटेडने पुनःपुन्हा करून पाहिला होता. रोग हटला नव्हता.

७/
६ नोव्हेंबर १९८६ रोजी फर्ग्युसन आले तेव्हा २२ संघांच्या तक्त्यात युनायटेड २१ वा होता. फर्ग्युसन यांचे नाव मोठे होते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला त्यांनी तीनदा लीग जिंकून दिली होती आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप मिळवून दिला होता. त्याआधी, १९७८ मध्ये, सेंट मिरन या क्लबने त्यांची हकालपट्टी केली होती, हेही खरे.

८/
युनायटेडमधील त्यांची पहिली तीन वर्षे आकड्यांत अशी : १९८६-८७ मध्ये अकरावे स्थान. १९८७-८८ मध्ये दुसरे, तेही विजेत्या लिव्हरपूलपासून बरेच मागे. १९८८-८९ मध्ये पुन्हा अकरावे. संघ वर चढला आणि होता तिथेच परत आला. एकही मोठा चषक हाती नव्हता.

९/
१९८९ चा उन्हाळा उलथापालथीचा ठरला. चाहत्यांचे लाडके नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा यांना विकण्यात आले. गॉर्डन स्ट्रॅकनला त्याआधी मार्चमध्येच लीड्सला धाडले होते. बदल्यात वेब, फेलन, इन्स, वॉलेस आणि पॅलिस्टर आले. बचावपटू पॅलिस्टरसाठी मोजलेले २३ लाख पौंड हा ब्रिटिश क्लबांमधील व्यवहाराचा तेव्हाचा विक्रम होता.

१०/
त्यातच मालकीचे नाट्य घडले. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मायकेल नाइटन या उद्योजकाला दोन कोटी पौंडांत क्लब विकण्याचे ठरवले. १९ ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी, नाइटन संघाच्या पोशाखात मैदानात उतरले आणि चेंडू पायावर खेळवत प्रेक्षकांची वाहवा मिळवून गेले. त्या दिवशी युनायटेडने गतविजेत्या आर्सेनलला ४-१ असे हरवले. ऑक्टोबरमध्ये मालकीचा सौदा बारगळला, आणि तोवर संघाची रयाही गेली होती.

११/
२३ सप्टेंबरला मेन रोडवर शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे लोळवले. नुकताच वर चढून आलेला, तुलनेने स्वस्तातला संघ, आणि त्याच्याकडून हा मार! नव्या खेळाडूंपैकी नील वेब इंग्लंडकडून खेळताना टाचेच्या स्नायूबंधाला दुखापत होऊन आधीच बाहेर पडला होता. चाहत्यांना मात्र दुखापतींची यादी ऐकायची नव्हती.

१२/
फर्ग्युसन यांनी जावे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद भक्कम होता. तीन वर्षे पुरेशी असतात. पैसा मागितला तेवढा मिळाला. विकलेले खेळाडू गुणी होते, घेतलेले चाचपडत होते. सेक्स्टन आणि अ‍ॅटकिन्सन यांचे निकाल याहून चांगले असूनही त्यांना जावे लागले. मग यांनाच सवलत कशासाठी?

१३/
राहू द्या म्हणणाऱ्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते. वीस वर्षांत पाच माणसे बदलून काय साधले? संघात बोकाळलेल्या मद्यपानाच्या सवयीला हात घालणारा मॅनेजर काही काळ अप्रियच राहणार. नवा संघ एका हंगामात जमत नसतो. या बाजूची अडचण एकच होती : दाखवण्यासारखा निकाल तिच्याकडे नव्हता. होती ती केवळ आशा.

१४/
आता शेजारी पाहू. युनायटेडची ५-१ अशी धूळधाण उडवणारे सिटीचे मॅनेजर मेल मचिन यांना दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरअखेरीस, नारळ मिळाला. त्यांच्या जागी हॉवर्ड केंडल आले. मोठ्या विजयाने मचिन यांचे पद वाचले नाही. त्याच सामन्यातील मोठ्या पराभवाने फर्ग्युसन यांचे गेले नाही.

१५/
तिसरा क्लब क्रिस्टल पॅलेस. १२ सप्टेंबरला लिव्हरपूलने पॅलेसवर ९-० असा विजय मिळवला होता. मॅनेजर स्टीव्ह कॉपेल हे एकेकाळचे युनायटेडचेच खेळाडू. एवढ्या मानहानीनंतरही पॅलेसच्या संचालकांनी त्यांना हात लावला नाही. चादर फडकली त्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकून गेला तो हाच संघ.

१६/
युनायटेडची घसरण थांबेना. नोव्हेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सलग ११ लीग सामन्यांत एकही विजय नाही. त्या काळातच, ७ जानेवारी १९९० रोजी, एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत ब्रायन क्लफ यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टशी त्यांच्याच मैदानावर गाठ होती. हरले तर फर्ग्युसन गेले, असे वृत्तपत्रांनी जवळपास जाहीरच केले होते.

१७/
२० वर्षांच्या मार्क रॉबिन्सने हेडरने गोल केला. युनायटेड १-० ने जिंकला. 'फर्ग्युसनला वाचवणारा गोल' ही दंतकथा इथे जन्मली. एडवर्ड्स आणि संचालक बॉबी चार्ल्टन यांनी पुढे सांगितले की, सामना हरला असता तरी फर्ग्युसन यांना काढण्याचा विचार नव्हता. निकाल लागून गेल्यावरच्या आठवणी जरा जपूनच स्वीकाराव्यात. पण दंतकथाही तितक्याच जपून.

१८/
कारण त्या गोलने लीगमधले काहीही पालटले नाही. त्यानंतर युनायटेड डर्बी आणि नॉरिचकडूनही हरला. चषकात मात्र हेरफर्ड, न्यूकॅसल आणि शेफील्ड युनायटेड यांना त्यांच्या-त्यांच्या मैदानांवर एकेका गोलच्या फरकाने हरवत संघ पुढे सरकला. उपांत्य फेरीत ओल्डहॅमशी ३-३ अशी बरोबरी झाली. पुनर्लढतीत विजयी गोल पुन्हा रॉबिन्सचाच.

१९/
१२ मे १९९०, वेम्बली. अंतिम सामन्यात समोर क्रिस्टल पॅलेस! ३-३ अशी बरोबरी. पाच दिवसांनी झालेल्या पुनर्लढतीसाठी फर्ग्युसन यांनी अ‍ॅबर्डीनपासून सोबत असलेला गोलरक्षक जिम लेटन याला वगळले आणि उसना घेतलेल्या लेस सीलीला उतरवले. ली मार्टिनच्या गोलने युनायटेड १-० ने जिंकला. फर्ग्युसन यांचा युनायटेडमधला हा पहिला चषक.

२०/
त्या हंगामाचा अंतिम गुणतक्ता पाहण्याजोगा आहे. तेरावा युनायटेड, ४८ गुण. चौदावा सिटी, ४८ गुण. पंधरावा पॅलेस, ४८ गुण. एका क्लबने मॅनेजर बदलला, दोघांनी राखला, आणि तिघेही गुणांच्या हिशेबात एकाच पायरीवर! हकालपट्टी योग्य की अयोग्य, यावर या तक्त्याकडे उत्तर नाही.

२१/
आणखी एक वर्ष पुढे जाऊ. १९९०-९१ मध्ये पॅलेस तिसरा, सिटी पाचवा आणि युनायटेड सहावा. म्हणजे घड्याळ तिथे थांबवले तर मॅनेजर बदलणारा सिटी हा संयम राखणाऱ्या युनायटेडहून सरस ठरतो. युनायटेडची भरपाई युरोपात झाली. १५ मे १९९१ रोजी रॉटरडॅममध्ये मार्क ह्यूजच्या दोन गोलांनी बार्सिलोनाला २-१ असे हरवून त्यांनी कप विनर्स कप पटकावला.

२२/
विकलेल्या खेळाडूंबद्दलचा चाहत्यांचा राग तरी निराधार होता का? १९९२ मध्ये युनायटेडच्या हातून लीगचे विजेतेपद निसटले ते लीड्समुळे, आणि त्या लीड्सचा कर्णधार होता गॉर्डन स्ट्रॅकन. १९९३ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले ते पॉल मॅकग्राला. चादरीमागची तक्रार हवेतली नव्हती.

२३/
मग चाहत्यांना दिसले नाही ते काय? उत्तर मैदानावर नव्हतेच. फर्ग्युसन यांनी येताच शाळकरी मुलांचा शोध घेणाऱ्यांचे जाळे वाढवले. सिटीकडे सराव करणाऱ्या एका मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याला युनायटेडकडे वळवले. त्याचे नाव रायन गिग्ज. चादर फडकली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मुख्य संघात यायला त्याला आणखी सव्वा वर्ष होते.

२४/
मे १९९२ मध्ये गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल यांच्या संघाने युवकांचा एफए चषक जिंकला. अंतिम फेरीत हरलेला संघ पुन्हा पॅलेसच! पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मुख्य संघाने २६ वर्षांचा दुष्काळ संपवून लीग जिंकली. १९९९ मध्ये लीग, एफए चषक आणि चॅम्पियन्स लीग असे तिहेरी यश मिळवले. शनिवारी तिकीट काढून येणाऱ्याला गुणतक्ता दिसत होता. संचालकांना त्याखेरीज युवा संघाचा सरावही दिसत होता. दोघांचे निष्कर्ष निराळे होते, कारण दोघांसमोरचे पुरावेच निराळे होते.

२५/
तरीही 'संयम फळतो' असा नियम यातून काढता येत नाही. कॉपेल यांना राखणारा पॅलेस १९९३ मध्ये खाली घसरला. सिटी १९९६ मध्ये दुसऱ्या आणि १९९८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. त्या पडझडीच्या काळात तिथे मॅनेजर म्हणून आलेले कॉपेल जेमतेम महिनाभरात पद सोडून गेले. फर्ग्युसन यांचे उदाहरण लक्षात राहते कारण ते यशस्वी झाले. संयम दाखवूनही बुडालेल्या क्लबांच्या कथा कोणी सांगत नाही.

२६/
१२ मे २०१३. वेम्बलीवरच्या त्या पहिल्या अंतिम सामन्याला बरोबर २३ वर्षे झाली होती. ओल्ड ट्रॅफर्डवरील निरोपाच्या भाषणात फर्ग्युसन यांनी चाहत्यांना आठवण करून दिली की, पडत्या काळात क्लब आपल्या पाठीशी उभा राहिला होता. आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम आहे. नवे मॅनेजर डेव्हिड मॉयस यांची निवड त्यांच्याच शिफारशीने झाली होती. करार सहा वर्षांचा.

२७/
२९ मार्च २०१४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवरून एक छोटे विमान उडाले. त्याच्या शेपटीला मॉयस यांनी जावे असे सांगणारा फलक होता. या वेळी खाली बसलेल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी विमानाचीच हुर्यो उडवली. संघाने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धचा तो सामना ४-१ ने जिंकला. १९८९ मध्ये संचालक थांबले होते आणि चाहते अधीर झाले होते. २०१४ मध्ये चाहते थांबायला तयार होते. संचालकांनी २२ एप्रिलला, दहा महिन्यांतच, मॉयस यांची हकालपट्टी केली.