आपल्या छपरावरची वीज : प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील आपटा गावाजवळून वाहणाऱ्या पाताळगंगेचे विजेशी जुने नाते आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली तेथे जलविद्युत केंद्र सुरू केले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि जनित्रे फिरवून सुटलेले पाणी पाताळगंगेतून आपट्याकडे वाहत राहिले. आज याच खोऱ्यातील पुरेसे ऊन मिळणारे घर स्वतःपुरती वीज छपरावर सौर पॅनलने तयार करू शकते. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. घरगुती सौर संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. तेव्हापासून जाहिराती वाढल्या आणि त्यांच्याबरोबर गोंधळही. पॅनल मोनो (मोनोक्रिस्टलाइन) घ्यावे की पॉली (पॉलीक्रिस्टलाइन), बॅटरी हवी की नको, या प्रश्नांपाशीच पुष्कळ जण थबकतात. त्यांना या पुस्तिकेचे एकच सांगणे आहे: पॅनल निवडण्याआधी आपले घर वाचावे.

वाचकांनी सुरुवात विजेच्या बिलापासून करावी. त्यावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. समजा, तुमच्या घरी महिन्याला सरासरी २४० युनिट लागतात, म्हणजे दिवसाला आठ. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतो. म्हणजे दोन किलोवॉट पुरतात आणि त्यासाठी सुमारे दोनशे चौरस फूट मोकळी जागा लागते. एवढा हिशेब हाताशी असला, की विक्रेत्याशी बोलणे सोपे होते.

मग छपराकडे वळावे. पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे येथे एकोणीस अंशांच्या आसपास, असावा. कोकणात मात्र खरा प्रश्न सावलीचा असतो. पॅनलमधील सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे नारळाच्या एका झावळीची सावली दोन-चार सेलवर पडली, तरी पॅनलच्या मोठ्या भागाची वीज घटते. म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावली कुठे सरकते ते पाहावे. घर कौलारू असेल, तर वासे भार पेलतील का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात रायगडने किती पत्रे उडालेले पाहिले, हे लक्षात ठेवून सांगाड्याच्या मजबुतीत काटकसर करू नये.

एवढे झाल्यावर पॅनलच्या जाती आपोआप उलगडतात. पॉलीपेक्षा मोनो कमी जागेत जास्त वीज देते. टॉपकॉन हा त्याचाच पुढचा प्रकार असून उन्हाच्या तापाने त्याची वीज तुलनेने कमी घटते. अनुदान हवे असेल, तर सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या साध्या संचाबद्दल एक गोष्ट आधीच जाणून घ्या. लाइट गेली की तोही बंद पडतो, कारण त्याची वीज बाहेरच्या तारांत जाऊन त्यांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका पोहोचता कामा नये. लाइट वारंवार जात असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संचाचा विचार करा. आषाढातील ढगांची धास्ती मात्र नको. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेल्या आणि ग्रिडकडून घेतलेल्या विजेच्या एकत्र हिशेबात, एप्रिल-मेमधील शिल्लक युनिट पुढच्या बिलांत वळती होतात आणि उरलेल्यांचा हिशेब आर्थिक वर्षाअखेरीस होतो. उन्हाळ्याची कमाई पावसाळ्यात कामी येते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत: बिल, छप्पर, पॅनल, इन्व्हर्टर, अर्ज आणि देखभाल. वाचकांनी ती सलग वाचलीच पाहिजेत असे नाही, पण पहिली दोन ओलांडू नयेत. पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. एवढा काळ सोबत राहणाऱ्या वस्तूसाठी चार संध्याकाळी देणे योग्यच. शेवटी पॅनल कोणते, इन्व्हर्टर कोणता, सांगाडा कसा आणि दुरुस्तीला कोण येणार, हे चार प्रश्न तुम्ही ठामपणे विचारू शकलात, तर या पुस्तिकेचे काम झाले.