रोमन नगराचे उत्खनन : क्षण आणि साठा

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही नगरे गाडली गेली. अठराव्या शतकात सुरू झालेल्या तिथल्या उत्खननातून दैनंदिन जीवनाचा जो पुरावा मिळतो, तो मुख्यतः दोन प्रकारचा आहे : एका क्षणाचा आणि वर्षानुवर्षे साचलेला. दोन्हींचे मोल वेगळे.

क्षणाचा पुरावा चटकन डोळ्यांत भरतो. १८६२ मध्ये पॉम्पेईतील एका भट्टीत ८१ पाव कोळसा झालेल्या अवस्थेत सापडले. गोल पाव, वर खाचा पाडून केलेले आठ भाग. पावाचा आकार आणि वाटून घेण्याची सोय यावरून कळते. रोज किती पाव भाजले जात, हे कळत नाही. शिवाय इ. स. ६२ च्या भूकंपानंतरची डागडुजी संपलेली नव्हती आणि उद्रेक होताच अनेकांनी पळ काढला होता. हा दिवस रोजच्यासारखा नव्हताच.

नित्यक्रम म्हणजे पुनरावृत्ती. तिची खूण साठ्यात उरते. हर्क्युलेनियममध्ये दुकाने आणि त्यांवरची बिऱ्हाडे यांच्याखाली एक बंदिस्त गटार होते. त्यातला मैला आणि स्वयंपाकघरातला कचरा चाळल्यावर माशांचे काटे, शिंपल्यांचे तुकडे, अंड्यांची टरफले, अंजिराच्या बिया मिळाल्या. वर राहणारे लोक धनिक नव्हते. म्हणजे सामान्य माणूस केवळ धान्यावर जगत होता, ही समजूत इथे टिकत नाही. पॉम्पेईच्या फरसबंद रस्त्यांवरील चाकोऱ्याही अशाच. दगडांची झीज कुठल्या बाजूला आहे, ते पाहून गाड्या कोणत्या दिशेने जात याचा अंदाज बांधता येतो.

मात्र कोण कसे राहत होते, हे साठा क्वचितच सांगतो. पॉम्पेईजवळच्या चिविता जुलियाना येथे २०२१ मध्ये सुमारे १६ चौरस मीटरची एक खोली उजेडात आली. तीन खाटा, त्यांतली एक आखूड, बहुधा मुलाची. कोपऱ्यात मातीचे कुंभ, मध्ये घोड्यांचे साज ठेवायची पेटी. ही खोली गुलामांची असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. माणसे आणि सामान एकाच कोठडीत, ही मांडणी क्षणानेच जपली.

सुटी वस्तू मात्र जपून वाचावी लागते. १९३८ मध्ये पॉम्पेईत भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेवढ्यावरून घरोघरी भारतीय माल होता, असे म्हणता येत नाही. पण तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन येथेही मिळाल्या आहेत, त्यामुळे सातवाहनकालीन व्यापाराच्या संदर्भात तिला अर्थ येतो. एकच वस्तू शक्यता सुचवते. नित्याचा व्यवहार सिद्ध व्हायला तसा पुरावा पुन्हा पुन्हा मिळावा लागतो.